किशोर व तरुण रुग्णांची मानसरोग चिकित्सा : निर्णयात रुग्णाचा सहभाग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुणही तेथेच दिले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. महाविद्यालयात पाठ केलेले हे सूत्र आपण सर्वजण जाणतो. परंतु मानसिक तक्रार असलेला रुग्ण चौदा ते वीस वर्षांच्या दरम्यानचा असला, की या चार पादांपैकी एक पाद व्यवहारात नकळत गळून पडतो. वडील हकिकत सांगतात, आई पुस्ती जोडते, वैद्य ऐकतो व लिहितो, औषधालयातून पुड्या बांधून मिळतात. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो खाली मान घालून बसलेला असतो. कित्येकदा तो आलेलाच नसतो. ‘तो यायला तयार नाही, दुधातून देता येईल असे काहीतरी द्या,’ ही मागणी चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात, दोन्हीकडे नित्य ऐकू येते.

अशा वेळी तरुण रुग्णाला चिकित्सेच्या निर्णयात किती व कसे सामील करून घ्यावे, शास्त्र त्याविषयी काय सुचविते, आजचा कायदा काय म्हणतो आणि रोजच्या व्यवहारात ते कसे साधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचा आवाका

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ या वयोगटातील दर सात व्यक्तींपैकी एकीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. महाराष्ट्राचा त्या बारा राज्यांत समावेश नव्हता. तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे. प्रश्न आपल्या दारातला आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यांपैकी पुष्कळशी मुले प्रथम आपल्याकडेच येतात. मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यास लोक काय म्हणतील ही धास्ती असते, आणि आयुर्वेदाच्या औषधाने निदान अपाय तरी होणार नाही असा भाबडा विश्वासही असतो. तक्रार मात्र क्वचितच मनाची म्हणून सांगितली जाते. झोप लागत नाही, डोके दुखते, पोट बिघडते, छातीत धडधडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढली आहे, अशा शब्दांत ती पुढे येते. त्यामुळे योग्य निदान होणे न होणे हे बऱ्याच अंशी रुग्ण स्वतः किती मोकळेपणाने बोलतो यावर अवलंबून राहते.

शास्त्रदृष्टी

ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्याधीची माहिती देण्याची क्षमता. आचार्यांनी हा गुण रोग्याच्या ठिकाणी सांगितला आहे, उपस्थात्याच्या ठिकाणी नव्हे, ही बाब लक्षणीय आहे. काश्यपसंहितेत वेदनाध्याय आहे. ज्या बालकाला अद्याप बोलता येत नाही त्याची वेदना त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून, स्पर्श नको असण्यावरून कशी ओळखावी, याचे सूक्ष्म वर्णन त्यात येते. जे बालक बोलू शकत नाही त्याचेही म्हणणे जाणून घेण्याचा एवढा प्रयत्न ज्या शास्त्राने केला, त्या शास्त्राच्या अनुयायांनी बोलू शकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला न विचारता तिच्या निद्रानाशाचे कारण तिच्या वडिलांकडून समजून घ्यावे, हे विपरीत आहे.

निर्देशकारित्व या गुणाचा आधार घेऊन असे म्हटले जाते, की रुग्णाने सांगितले तसे वागावे, विचारू नये. परंतु निर्देश पाळावयाचा तर तो आधी रुग्णापर्यंत पोहोचला पाहिजे. आईच्या कानी घातलेला आणि मुलापासून लपविलेला आदेश हा मुलाला दिलेला निर्देश होत नाही. अभीरुत्वाचेही तसेच आहे. काय होणार हे ठाऊक नसलेल्या रुग्णाकडून निर्भयतेची अपेक्षा करता येत नाही.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे विभाग सांगताना चरकांनी बाल्याची मर्यादा तीस वर्षांपर्यंत नेली आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात; पुढे तीसपर्यंत धातू वाढीस लागलेले असतात, पण सत्त्व बहुधा अनवस्थित असते. मेंदूच्या ज्या अग्रभागावर विवेक व संयम अवलंबून असतात तो पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो, या अलीकडील ज्ञानाशी हे निरीक्षण जुळते. सत्त्व अनवस्थित आहे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवू नये, असा एक निष्कर्ष यातून निघू शकतो आणि तो अंशतः खराही आहे. परंतु अस्थिर सत्त्वाला स्थैर्य कसे येते, हाही प्रश्न त्याबरोबर विचारावयास हवा. मानस दोषांवर चरकांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सांगितले. यांपैकी एकही दुसऱ्याने परस्पर देण्याजोगा नाही. चूर्ण दुसऱ्याने चाटविता येते, धैर्य चाटविता येत नाही. त्रिविध औषधांतील सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हा तर पूर्णतः रुग्णाच्या सहभागावर उभा असलेला उपक्रम आहे. धी, धृती आणि स्मृती यांचा अभ्यास छोट्या छोट्या निर्णयांतूनच घडतो. त्या निर्णयांची संधी चिकित्सेच्या काळात नाकारली, तर आपण औषध देतो आणि त्याच वेळी औषधाचा अर्धा भाग काढून घेतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. चिकित्सास्थानातील उन्मादप्रकरणात कल्याणक घृतासारखे उत्तम योग आहेत, तसेच रुग्णाला भिवविणे, बांधणे असे त्या काळातील उपायही आहेत. आज त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. साखळदंडाने बांधणे तर कायद्याने निषिद्ध आहे. शारीरस्थानात मात्र बालकाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये असे स्पष्ट बजावले आहे. तरुण रुग्णाच्या बाबतीत आपण कोणता धागा पुढे न्यावयाचा, हे ठरविणे कठीण नाही.

कायद्याची चौकट

भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा स्वीकार केला. १९८९ च्या या संहितेतील बाराव्या अनुच्छेदानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या बालकाला, त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मत मांडण्याचा अधिकार आहे आणि वय व समज यांच्या प्रमाणात त्या मताला महत्त्व दिले गेले पाहिजे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या चौथ्या कलमात निर्णयक्षमतेची कसोटी दिली आहे : निर्णयासाठी लागणारी माहिती समजणे, निर्णयाचा अथवा निर्णय न घेण्याचा परिणाम उमगणे, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने वा अन्य प्रकारे कळविता येणे. ही माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावयाची असते. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही, हेही कायद्याने नमूद केले आहे.

अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःची संमती स्वतः देते. आपल्या उपचारांविषयी अग्रिम निर्देश लिहून ठेवण्याचा आणि स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा तिला अधिकार आहे. वसतिगृहात राहणारा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आपल्याकडे येत असेल आणि त्याचे वडील दूरध्वनीवरून उपचारांची चौकशी करीत असतील, तर त्याला विचारल्याशिवाय माहिती देता येत नाही. फी वडील भरतात म्हणून यात फरक पडत नाही.

अठरा वर्षांखालील रुग्णाच्या बाबतीत कायदेशीर पालक हाच नामनिर्देशित प्रतिनिधी असतो आणि संमतीही त्याचीच घेतली जाते. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करू शकते. अल्पवयीनास रुग्णालयात दाखल करण्याविषयीचे कलम ८७ विशेष वाचनीय आहे. दाखल करणे मुलाच्या हिताचे आहे की नाही हे ठरविताना, त्याची इच्छा जाणून घेणे शक्य असल्यास ती विचारात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. अल्पवयीनांना प्रौढांपासून स्वतंत्र ठेवावे लागते, सोबत प्रतिनिधी वा परिचारक राहावा लागतो आणि दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत मंडळाला द्यावी लागते.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. या कायद्यातील ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या संज्ञेत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरांचा समावेश आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो दर्जा मिळत नाही. दुसरे असे, की मानसिक आजाराच्या रुग्णांना उपचारांसाठी दाखल करून ठेवणारे आयुर्वेदीय रुग्णालयही ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते व त्याची नोंदणी आवश्यक असते. पंचकर्मासाठी खाटा ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

संमती आणि होकार

सही करून दिलेली संमती कायद्याची असते. होकार रुग्णाच्या मनाचा असतो. अल्पवयीनाच्या बाबतीत पहिली पालकांकडून मिळते, दुसरा मुलाकडूनच मिळू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये बालकांवरील संशोधनासाठी जे नैतिक निर्देश प्रसिद्ध केले, त्यांत पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलांचा लेखी होकार घ्यावा असे सांगितले आहे. ते निर्देश संशोधनापुरते आहेत. पण त्यांतील वयाच्या पायऱ्या चिकित्सकालाही मार्गदर्शक ठरतात. इंग्लंडमध्ये १९८५ साली गाजलेल्या गिलिक खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने याहून पुढे जाऊन, पुरेशी समज असलेली सोळा वर्षांखालील व्यक्ती उपचारांना स्वतः संमती देऊ शकते असे ठरविले. आपला कायदा तेथवर गेलेला नाही, हे खरे. परंतु मुलाला विचारण्यास, समजावण्यास आणि त्याचे म्हणणे लिहून ठेवण्यास आपल्या कायद्याने कोठेही मनाई केलेली नाही.

चिकित्सालयातील पद्धती

पहिल्या भेटीचे तीन भाग करावेत. आरंभी सर्वांना एकत्र ऐकावे, मग दहा-पंधरा मिनिटे केवळ रुग्णाशी बोलावे आणि शेवटी पुन्हा सर्वांना एकत्र बसवून योजना ठरवावी. ‘आमच्याकडे प्रत्येक रुग्णाशी असेच बोलतो,’ असे प्रारंभीच सांगितल्यास पालकांना वावगे वाटत नाही. रुग्ण मुलगी असेल तर परिचारिका दृष्टीच्या टप्प्यात, पण बोलणे ऐकू येणार नाही अशा अंतरावर असावी.

एकांतात चार प्रश्न अवश्य विचारावेत. येथे यायचे कोणी ठरविले? तुझ्या मते त्रास काय आहे? त्यांपैकी कोणता आधी कमी व्हावा असे तुला वाटते? आजवर काय करून पाहिले आणि त्याने काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पालकांच्या अपेक्षेहून निराळे असते. ‘जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करावी असे मनात येते का’, हेही सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याचे त्याला हायसे वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बारावीची सतरा वर्षांची विद्यार्थिनी आली आहे. आईवडिलांची तक्रार अशी, की वाचलेले लक्षात राहत नाही, स्मृतिवर्धक औषध हवे. एकांतात कळते, की रात्री दोनपर्यंत झोप येत नाही. क्लासमधील साप्ताहिक चाचणीनंतर गुणांनुसार तुकड्या बदलतात आणि आपण खालच्या तुकडीत जाऊ ही भीती तिला झोपू देत नाही. पहाटे पाचला आई उठविते. तीन तासांच्या झोपेवर स्मृती कशी टिकणार? येथे रोगाचे वर्णन पालकांचे होते, हेतू मात्र रुग्णाकडून कळला. योजना ठरविताना वैद्याने तिच्यापुढे खरे पर्याय ठेवावेत. ब्राह्मी घृताच्या वासाने तिला मळमळते, तर जटामांसी, शंखपुष्पी यांचे चूर्ण वा गोळी चालेल का? शिरोधारेनंतर डोक्याचे तेल घेऊन क्लासला जाणे तिला लाजिरवाणे वाटते, तर रोज रात्री स्वतःच करावयाचा पादाभ्यंग ती करील का? मोबाइल किती वाजता खोलीबाहेर ठेवावयाचा, ती वेळ तिनेच सांगावी. सहाच्या आधी उठवायचे नाही, हे आईने सर्वांसमक्ष कबूल करावे. क्लासच्या शिक्षकांशी कोणी बोलावे की बोलूच नये, हेही तिला विचारावे. वैद्याच्या दृष्टीने शिरोधारा अधिक गुणकारी असेल. पण न घडणाऱ्या शिरोधारेपेक्षा रोज घडणारा पादाभ्यंग श्रेयस्कर. दोन आठवड्यांनी आढावा घेताना पहिला प्रश्न तिला विचारावा, आईला नव्हे.

पर्याय देताना तो खोटा नसावा. जे ठरलेलेच आहे ते ‘तुला काय वाटते’ असे विचारून गळी उतरविणे तरुणांच्या तत्काळ लक्षात येते आणि पुढचे सर्व संभाषण वाया जाते. जे बदलता येणार नाही ते सरळ सांगावे व त्याचे कारण द्यावे. औषधाचे नाव, चव, अनुपान, काळ, अपेक्षित गुण आणि तो दिसण्यास लागणारा अवधी सांगून झाल्यावर, ‘घरी धाकट्या भावाने विचारले तर काय सांगशील?’ असे विचारून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे. समजले की नाही याची याहून सोपी परीक्षा नाही. रुग्णपत्रिकेत ‘रुग्णाचे म्हणणे’ असे एक सदर ठेवून त्याची दोन वाक्ये त्याच्याच भाषेत लिहावीत.

दुधातून औषध

न सांगता औषध देण्याच्या प्रथेचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे. त्यामागे पालकांची हतबलता असते, हे मान्य केले पाहिजे. मुलगा खोलीबाहेर येत नाही, वैद्याचे नाव काढले तर ताट भिरकावतो, अशा घरातील आईने हा मार्ग शोधला तर तिला दोष देता येणार नाही. परंतु वैद्याने त्यात सामील होण्यापूर्वी परिणामांचा विचार करावा.

यष्टीमधूचे चूर्ण दुधाबरोबर घ्यावे, असे मेध्य रसायनात सांगितले आहे. अनुपान म्हणून दूध वेगळे आणि दडविण्याचे साधन म्हणून दूध वेगळे. लपवून दिलेल्या औषधाची मात्रा किती पोटात गेली हे कळत नाही, कारण अर्धा पेला तसाच राहतो. गुण आला तर कशाने आला हे रुग्णाला ठाऊक नसते, त्यामुळे तो पुढे औषध स्वीकारण्याची शक्यता वाढत नाही. झोप अधिक येणे, जुलाब होणे असा काही उपद्रव झाला तर तो सांगू शकत नाही. तो बाहेरून दुसरे औषध घेत असेल तर दोहोंचा संयोग कोणालाच कळत नाही. आणि सर्वांत गंभीर बाब अशी, की ज्या रुग्णाला ‘माझ्या अन्नात काहीतरी कालवतात’ असा संशय आहे, त्याला खरोखरच अन्नात काही कालवलेले सापडले, तर त्याचा भ्रम आपण स्वतःच्या हाताने दृढ केलेला असतो. मग तो घरचे अन्न सोडतो, आणि घरावरचा विश्वासही.

अशा वेळी पर्याय काय? रुग्ण येत नसेल तर पहिली भेट पालकांनाच सल्ला देण्यासाठी वापरावी. मुलाशी वाद कमी कसा करावा, त्याच्याशी कोणत्या वेळी बोलावे, धोक्याची लक्षणे कोणती, हे समजावावे. त्याला चिठ्ठी लिहून द्यावी, हवे तर दूरध्वनीवर बोलण्याची तयारी दाखवावी. घरातील मामा, आत्या, मोठा चुलतभाऊ यांपैकी ज्याचे तो ऐकतो त्याची मदत घ्यावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे दिवसाचे चोवीस तास, मराठीतही, नाव न सांगता बोलता येते. समोरासमोर येण्यास नकार देणारी कित्येक मुले एवढ्यास तयार होतात. याने भागत नसेल आणि स्थिती गंभीर असेल, तर मार्ग मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, दुधाच्या पेल्याकडे नव्हे.

गोपनीयता

आतुराच्या घरातील गोष्टी बाहेर जाऊ देऊ नयेत, असा दंडक चरकांनी विमानस्थानातील शिष्योपदेशात घालून दिला आहे. आजचा कायदाही मानसिक आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. अल्पवयीनाच्या बाबतीत पालकांना त्यांचे कर्तव्य पार पाडण्यापुरती माहिती मिळावयास हवी. निदान, औषध, पथ्य आणि धोका त्यांना कळलाच पाहिजे. मात्र मुलाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यात येत नाही. कोणती मैत्रीण, कोणाशी भांडण, कोणत्या शिक्षकांविषयी राग, हे पालकांना सांगितल्याने चिकित्सेला लाभ नसतो.

मर्यादा मात्र बोलणे सुरू होण्याआधीच सांगावी : ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. कोणाला सांगायचे आणि कसे, ते आधी तुझ्याशी बोलून ठरवू.’ लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक अपराधाची माहिती मिळाल्यास ती कळविणे बंधनकारक आहे व न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. वैद्यही त्यास अपवाद नाही.

औषधविक्रेत्यांची भूमिका

परीक्षांचा हंगाम आला, की ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांच्या कल्पांची मागणी वाढते. बहुतेक वेळा खरेदी करणारा पालक असतो. विक्रेत्याने दोन-तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. औषध कोणासाठी आहे, वय काय? त्याला हे औषध आणल्याचे ठाऊक आहे का? सध्या दुसऱ्या डॉक्टरांचे काही औषध चालू आहे का? झोपेच्या वा मनोविकारांवरील आधुनिक औषधांबरोबर जटामांसी, अश्वगंधा यांसारखी द्रव्ये घेतल्यास सुस्ती वाढू शकते. अश्वगंधेचा थायरॉइडच्या कार्यावरही परिणाम होऊ शकतो. सर्पगंधेविषयी विशेष सावध असावे. तिच्यातील रिसर्पिनने खिन्नता वाढू शकते, म्हणून उदास, निरुत्साही तरुणाला ती झोपेसाठी चिठ्ठीशिवाय देऊ नये.

कोणी तरुण ‘आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून आयुर्वेदिक सुरू करायचे आहे’ असे म्हणत आला, तर दुकानातून त्यास होकार मिळू नये. मनोविकारांवरील औषधे एकाएकी थांबविल्यास त्रास उसळू शकतो. गोळ्यांनी वजन वाढले, वर्गात झोप येते, सवय लागेल अशी भीती वाटते, ही त्याची कारणे बहुधा खरी व ऐकण्याजोगी असतात. ती त्याने लिहून देणाऱ्या डॉक्टरांपुढे मांडावीत, असे त्याला सांगावे. वैद्यानेही रुग्णाच्या अनुमतीने त्या डॉक्टरांना पत्र लिहावे. जाहिरातफलकांविषयीही जागरूक राहावे. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय अधिनियमाने उन्माद, अपस्मार आदी विकार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे.

सहभागाच्या मर्यादा

सहभाग म्हणजे सर्व भार मुलावर टाकणे नव्हे. अवरसत्त्व रुग्ण, तीव्र भ्रम वा उन्मादाची अवस्था, अन्नत्याग, आत्मघाताचा विचार यांत मोठ्यांनी पुढे होऊन निर्णय घ्यावयास हवा आणि रुग्णाला तातडीने मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावयास हवे. तेव्हाही काय करीत आहोत व का, हे त्याला सांगता येते. सोबत कोण असावे, हे विचारता येते. वेग ओसरल्यावर, ‘पुन्हा असे झाले तर आम्ही काय करावे?’ हे त्याच्याशी बोलून लिहून ठेवावे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या भीतीने घटना दडविली जाते. अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरावे व तिला शिक्षा होऊ नये, असे २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ उरलेले नाही. हे पालकांना सांगितल्यास उपचारांतील विलंब टळतो.

पालकांचे स्थानही कमी लेखू नये. उपस्थाता हा स्वतंत्र पाद आहे. औषधाची वेळ, आहार, घरातील शांतता त्यांच्याच हाती असते. मुलाचे ऐकणे म्हणजे पालकांना बाजूला सारणे असा समज झाला, तर पुढील भेटीला कोणीच येत नाही. आणि वेळेचा प्रश्न आहेच. गर्दीच्या चिकित्सालयात पंधरा मिनिटे काढणे सोपे नसते. अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एक दुपार राखून ठेवणे, हा साधा उपाय पुष्कळांना जमण्यासारखा आहे.

समारोप

सुश्रुतांनी सूत्रस्थानात म्हटले आहे, की रुग्णाला आपल्या आईबापांविषयी, पुत्राविषयीही शंका वाटू शकते. पण वैद्यावर तो विश्वास ठेवतो आणि स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो, म्हणून वैद्याने त्याचे पुत्रवत रक्षण करावे. तरुण मनोरुग्णाच्या बाबतीत हा विश्वास आधीपासून असतोच असे नाही; तो मिळवावा लागतो. त्याला एकट्याने बोलू देणे, खरे पर्याय देणे, त्याच्यापासून औषध न लपविणे, गोपनीयतेची मर्यादा आधी सांगणे आणि त्याचे म्हणणे पत्रिकेत नोंदविणे, एवढ्या पाच गोष्टी कोणत्याही चिकित्सालयात उद्यापासून सुरू करता येतील. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, खर्च येत नाही. आज सतराव्या वर्षी आपल्या आजाराविषयी विचारले गेलेला रुग्ण पंचविसाव्या वर्षी पुन्हा त्रास झाल्यास स्वतःहून, वेळेत चिकित्सकाकडे येतो. मानसरोगांत पुनरुद्भव नित्याचा असल्याने ही बाब औषधाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.